शटर बिघडले तर – आपण की मिस्त्री?

बीड, माजलगाव, परळी किंवा अंबाजोगाई, कोणत्याही गावच्या मोंढ्यात सकाळी नऊच्या सुमारास उभे राहावे. एकामागून एक शटरे वर जाऊ लागतात आणि थोड्याच वेळात सारा रस्ता त्या खडखडाटाने भरून जातो. या आवाजाला कान सरावला की कोणते शटर निरोगी आणि कोणते आजारी हे न पाहताही कळू लागते. निरोगी शटर एका दमात वर जाते. आजारी शटर कण्हते, मध्येच थांबते, आणि मग दुकानदार, नोकर व शेजारचा पानवाला असे तिघे मिळून त्याला खांदा देतात.

गॅरेजचे दार स्वतः दुरुस्त करावे की माणूस बोलवावा, हा अमेरिकेतल्या गृहस्थाचा नेहमीचा प्रश्न आहे. आपल्याकडे मोटार असली तरी ती बहुधा दारापुढे नाहीतर लिंबाखाली उभी असते. आपले गॅरेजचे दार म्हणजे गाळ्याचे शटर. आमच्या वर्गातील कितीतरी मुलांच्या घरी दुकान आहे, नाहीतर घराच्या पुढच्या खोलीला शटर लावून ती भाड्याने दिलेली आहे. तेव्हा कला शाखेच्या विद्यार्थ्याने हा विषय का निवडावा, अशी शंका प्राध्यापक महाशयांनी घेऊ नये. ॲडम स्मिथने १७७६ साली टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण घेऊन श्रमविभागणी समजावून सांगितली, हे आम्हांला अर्थशास्त्राच्या तासाला शिकवले जाते. टाचणी चालते, तर शटर का चालू नये?

पूर्वी हा प्रश्न अशा रूपात नव्हताच. जुन्या बाजारपेठांतून दुकानांना फळ्या असत. उंबऱ्यातल्या खाचेत एकेक फळी सरकवत जायची, शेवटच्या फळीवर आडवी लोखंडी पट्टी टाकायची आणि कुलूप लावायचे. फळ्यांवर रंगाने आकडे घातलेले असत, कारण तिसरी फळी पाचवीच्या जागी बसत नसे. फळी फुगली तर दुकानदार स्वतः रंधा मारी, आणि मोडली तर सुतार होताच. त्र्यं. ना. आत्रे यांच्या ‘गावगाडा’त (१९१५) बलुत्याची जी व्यवस्था वर्णिली आहे, तीत सुतार-लोहाराला कामागणिक पैसे नव्हते. त्याला खळ्यावर धान्य मिळे आणि वर्षभराच्या मोडतोडीची जबाबदारी त्याच्यावर असे. त्या व्यवस्थेत अन्याय भरपूर होता, तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण ‘आपण करावे की माणूस बोलवावा’ हा हिशोब त्या काळी दर वेळी मांडावा लागत नसे, एवढे खरे. आज माणूस बोलावला की त्याची मजुरी, त्याचे येणे-जाणे आणि तो येईपर्यंत बंद पडलेला धंदा, हे सारे वेगवेगळे मोजावे लागते.

शटर कसे चालते हे समजल्याखेरीज या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, म्हणून तिकडे वळू.

साधारण गाळ्याचे शटर दहा फूट रुंद व आठ फूट उंच धरू. म्हणजे ऐंशी चौरस फूट, सुमारे ७.४ चौरस मीटर. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत शटरच्या पट्ट्या ८० मि.मी. रुंदीच्या व १.२५ मि.मी. जाडीच्या धरल्या आहेत. (आपल्याकडचे कारागीर मिलिमीटर बोलत नाहीत, ‘अठरा गेज’, ‘वीस गेज’ असे बोलतात. वीस गेज अठराहून पातळ, हे विसरणारा गिऱ्हाईक फसतो.) पोलादाचा १.२५ मि.मी. जाडीचा सपाट पत्रा एका चौरस मीटरला ९.८ किलो भरतो. म्हणजे नुसत्या पत्र्याचेच ७३ किलो झाले. एक पट्टी दुसरीत अडकवण्यासाठी कडा वळवलेल्या असतात, त्यात जास्तीचा पत्रा जातो. खाली जाड पट्टी, तिला कड्या. सगळे मिळून वजन नव्वद किलोच्या आसपास, किंवा थोडे अधिकच.

आता विचार करा. नव्वद किलोचे हे ओझे माझी मामी एका हाताने वर ढकलते. हे कसे होते?

याचे उत्तर वरच्या पत्र्याच्या डब्यात आहे. भिंतीच्या दोन्ही टोकांना ब्रॅकेट असतात, त्यांवर एक जाड पाईप आडवा पक्का आवळलेला असतो. हा पाईप फिरत नाही. त्याच्याभोवती स्प्रिंगा असतात. सरकारी दरसूचीत त्या २७.५ सें.मी. लांबीच्या, उच्च ताणशक्तीच्या पोलादी तारेच्या सांगितल्या आहेत. स्प्रिंगेचे एक टोक पाईपला जखडलेले आणि दुसरे टोक पाईपवर फिरणाऱ्या चाकाला. शटरची सर्वांत वरची पट्टी या चाकांना बांधलेली असते. शटर खाली ओढले की चाके फिरतात आणि स्प्रिंगेला पीळ बसतो. गुंडाळी सरासरी वीतभराहून थोडी जाड धरली तर आठ फुटांत तिचे तीन-सव्वातीन फेरे होतात. शटर जसजसे खाली येते तसतसे लोंबणारे वजन वाढते, पण त्याच वेळी स्प्रिंगेचा पीळही वाढत जातो. वजन खाली ओढते, पीळ वर ओढतो. मिस्त्रीचे सारे कौशल्य या दोघांची बरोबरी साधण्यात आहे. ती साधली की मनुष्याच्या हाताला फक्त उरलेले दहा-पंधरा किलो उचलावे लागतात.

ही रचना मला फार आवडते. रात्री दुकान बंद करताना आपण जे श्रम करतो ते वाया जात नाहीत. ते स्प्रिंगेत रात्रभर साठून राहतात आणि सकाळी परत मिळतात.

पण याचीच दुसरी बाजू भयंकर आहे. नव्वद किलोचे शटर वर नेताना त्याचा मध्य सुमारे चार फूट वर जातो. त्याला लागणारी शक्ती किती? सिमेंटचे ५० किलोचे पोते सुमारे सात फुटांवरून खाली सोडले तर जेवढा आघात होईल तेवढी. बंद शटरच्या डब्यात त्यातला बहुतेक भाग पिळाच्या रूपाने दबा धरून बसलेला असतो. पाईप ज्या क्लॅम्पांनी आवळलेला आहे त्यांचे नट अजाणत्या माणसाने सैल केले, तर तो पाईप गरकन उलटा फिरतो, आणि पाईपला लावलेला पानाही. पान्याच्या दांड्याखाली हात, जबडा, जे काही सापडेल ते जाते. दुसरा अपघात याच्या उलट, म्हणजे स्प्रिंग तुटली किंवा निसटली तर नव्वद किलोचे ओझे बेवारस होऊन खाली येते. म्हणून माझे पहिले आणि ठाम मत असे की डब्याच्या आतले काम घरच्या माणसाने करू नये. यात पैशाचा हिशोब आणण्याचे कारणच नाही.

तथापि ‘शटर बिघडले’ म्हणून जी ओरड होते, तिच्यातला बराच भाग डब्याबाहेरचा असतो, आणि तेथे मिस्त्रीला हाक मारणे ही निव्वळ सवय आहे.

पहिले कारण धूळ. आपला जिल्हा कोरडा, उन्हाळा लांब. परळीकडे औष्णिक केंद्राच्या राखेची भर. माजलगाव-गेवराई भागात जिनिंगच्या दिवसांत हवेत सरकीचे तंतू उडतात. हे सारे बाजूच्या चॅनेलमध्ये, म्हणजे शटर ज्या लोखंडी नाळीतून वर-खाली होते तिच्यात, जाऊन बसते. मग शटर घासते, करकरते. अशा वेळी लोक काय करतात? चॅनेलमध्ये बोटभर ग्रीस भरतात. चार दिवस शटर सुरळीत चालते, नंतर त्या ग्रीसवर धूळ चिकटून सहाणेवरच्या गंधासारखा लगदा होतो आणि शटर पहिल्याहून जड जाते. चॅनेल आधी तारेच्या ब्रशने खरवडावे, डिझेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसावे, कोरडे करावे आणि मग पातळ तेलाचा नुसता हात फिरवावा. ग्रीसची जागा बेअरिंगमध्ये, चॅनेलमध्ये नव्हे. हे काम दसऱ्याच्या साफसफाईत आणि पुन्हा एकदा होळीनंतर केले तर पुरते.

कुलपाच्या पट्ट्या, कड्या, खालच्या कोपऱ्यातला गंज हीही घरचीच कामे. मालाचा टेंपो मागे घेताना चॅनेलच्या तळाला धक्का बसून ते किंचित आत दबले असेल, तर आत लाकडी ठोकळा धरून बाहेरून हातोडीने सरळ करता येते. पट्टीचे टोकच चॅनेलमधून बाहेर निघाले असेल तर मात्र थांबावे. ते पुन्हा आत घालायचे तर शटरला वरून मोकळे करावे लागते.

एक कारण खास आपल्या काळ्या मातीचे आहे, आणि त्याकडे कोणी पाहत नाही. गोदाकाठच्या गेवराई, माजलगाव, परळी या पट्ट्यातली माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. भेगा पडतात त्या आपण शेतात पाहतो, पण घराच्या पायाखालीही तीच माती आहे. पाया उथळ असेल तर भिंत थोडी सरकते, आणि दोन्ही चॅनेलांमधले अंतर वर एक, खाली दुसरे होते. अशा दुकानाचे शटर पावसाळ्यात अडते आणि माघ-फाल्गुनात आपोआप सुटते. मिस्त्री येतो, पट्ट्या कापतो, पैसे घेतो, पुढच्या श्रावणात पुन्हा तेच. वास्तविक येथे रोग भिंतीचा आहे आणि वैद्य गवंडी हवा. ओळखण्याची रीत सोपी आहे. टेप घेऊन दोन चॅनेलांमधले अंतर वर, मध्ये आणि खाली असे तीन ठिकाणी मोजावे, आणि आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवावेत. दोन ऋतूंचे आकडे शेजारी आले की कोणाला बोलवायचे ते समजते. पाटोदा-आष्टीकडच्या हलक्या, मुरमाड जमिनीवर हा त्रास कमी.

आता वजनाची परीक्षा. दोघांनी मिळून शटर कमरेपर्यंत आणावे आणि हात न काढता पकड फक्त थोडी सैल करावी. जागच्या जागी राहिले तर पीळ बरोबर आहे. हळूहळू खाली उतरू लागले तर स्प्रिंगा थकल्या. वर पळू लागले तर पीळ जास्त झाला. एक बाजू खाली आणि दुसरी वर राहत असेल, किंवा कालपर्यंत हलके असलेले शटर आज एकाएकी जड झाले असेल, तर एखादी स्प्रिंग तुटलेली आहे असे समजावे आणि त्याखालून ये-जा बंद करावी. यातले काहीही दिसले की प्रश्न मिटला, मिस्त्रीच बोलवायचा.

माझ्या मामांचे माजलगावजवळच्या खेड्यात किराणा दुकान आहे. गेल्या वर्षी त्यांचे शटर उजवीकडून कलले आणि रात्री खाली येताना गुडघ्याएवढ्या उंचीवर अडकून बसले. ना उघडे, ना बंद. मामेभाऊ आय.टी.आय.ला फिटरच्या पहिल्या वर्षात. त्याने यूट्यूबवर चित्रफीत पाहून डबा उघडण्याची तयारी केली. मामा म्हणाले, “फिटर होशील तवा होशील, आधी दोन्ही हात शाबूत ठेव.” शेवटी वाटणी झाली. त्याने दोन्ही चॅनेल साफ केले, मोडलेली कडी बदलली, तीन ठिकाणची मापे घेतली. शटरखाली दोन्ही बाजूंना सागवानी ओंडके लावले. मिस्त्री तालुक्याहून यायला दोन दिवस लागले, त्या दोन्ही रात्री मामा अर्धवट शटरपुढे खाट टाकून झोपले. शटर बिघडण्याचा खरा खर्च हाच असतो. लहान दुकानदाराचे सारे भांडवल त्या पत्र्याच्या मागे असते, आणि तो पत्रा लागत नाही तोवर त्याला झोप नाही.

मिस्त्री आले तेव्हा मी घोडी धरून उभा होतो, म्हणून पुढचे सारे जवळून पाहिले. ते दोघे होते. काहीही सोडण्यापूर्वी त्यांनी पाईपवर खडूने रेघ ओढली. मग दोघांनी दोन पाने लावले, आणि काम संपेपर्यंत एक पाना कधीही सुटला नाही. एकाने पाऊण फेरा सोडायचा तोवर दुसऱ्याने धरून राहायचे, मग दुसऱ्याने सोडायचे. खडूची रेघ किती वेळा समोर आली ते मोजून किती फेऱ्यांचा पीळ होता हे त्यांना कळले. तुटलेली स्प्रिंग काढली, नवी घातली, तेवढेच फेरे परत दिले, शटर हलवून पाहिले आणि अर्धा फेरा आणखी दिला. सव्वा तासाचे काम. मामेभावाकडे पाहून थोरले मिस्त्री म्हणाले, “पट्टी तुमची, पाईप माझा. एवढं ध्यानात ठेवा, मालक.” माझ्या मते या विषयावरचा सगळ्यात उपयोगी नियम हाच.

अमेरिकेतही रेघ जवळपास येथेच ओढतात. तेथील दार वेगळे असते, आडव्या तावदानांचे, छताखाली सरकणारे. पण त्यालाही वर पिळाची स्प्रिंग असते आणि तिला हात लावू नका असेच सांगितले जाते. तिकडे मजुरी महाग, म्हणून लोक बाकीचे सारे स्वतः करतात. दाराला वीजयंत्र जोडलेले असते. त्याखाली मुले सापडून मृत्यू झाल्यामुळे घरगुती यंत्रांना, अडथळा लागताच दार उलटे वर नेणारी सोय सक्तीची झाली. आपल्याकडे धातूच्या शटरसाठी आय.एस. ६२४८ हे मानक छापलेले आहे. सरकारी कामांत १० चौरस मीटरहून मोठ्या शटरला साखळी-चक्राची यंत्रणा स्वतंत्र बाब म्हणून धरतात. गावातल्या गाळेवाल्याने मात्र फूट आणि गेज याखेरीज काही विचारल्याचे मी ऐकलेले नाही. शंभर-सव्वाशे चौरस फुटांचे शटर हाताने ओढायचे ठेवणारे महाभाग आपल्या मोंढ्यात दिसतात. ते शटर बिघडत नाही, ते जन्मतःच बिघडलेले असते.

मिस्त्री बोलवायचा ठरला तर कसा बोलवावा? तुटलेली स्प्रिंग आपल्या हातात मागून घ्यावी. नवी किती लांबीची, किती तारेची, हे पाहावे. आणि पावती मागावी, साध्या कागदावर का होईना. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेला तो लागू नाही, पण स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून दुकान चालवणाऱ्याला तो ग्राहकच मानतो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात शुल्कही नाही. पावती नसेल तर हे सारे कागदावर राहते. ज्यांचा चोरीचा विमा आहे त्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पॉलिसीत बळजबरीने आत शिरण्याची अट असेल तर तसा प्रवेश सिद्ध झाल्याखेरीज भरपाई मिळत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हरचंद राय चंदन लाल यांच्या प्रकरणात दिला आहे. न लागणारे शटर महिनाभर तसेच ठेवणाऱ्याने हा निर्णय कोणा वकिलाकडून समजून घ्यावा.

येथे एक गोष्ट मला टोचते. आपण मिस्त्री बोलावतो तेव्हा धोका नाहीसा होत नाही, तो आपल्या हातावरून त्याच्या हातावर जातो एवढेच. तो कुशल आहे म्हणून धोका कमी होतो, हे खरे. पण मोडकी घोडी आपली असते, ‘गिऱ्हाईक खोळंबलंय, आटपा’ ही घाई आपली असते, आणि ‘एकच माणूस आणा, दोघांची मजुरी परवडत नाही’ हा आग्रहही आपलाच. दोन पाने आणि चार हात ही त्या कामाची किमान गरज आहे, हे मी समोर पाहिले आहे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपये भरले की अपघाती मृत्यूस दोन लाख मिळतात, आणि एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा निकामी झाला तर एक लाख. बोट गेले तर ते त्यात बसत नाही. पान्याखाली जाते ते मात्र बहुधा बोटच असते. तेव्हा घासाघीस करायचीच असेल तर पत्र्याच्या दरात करावी, मदतनीसाच्या मजुरीत करू नये.

राहता राहिले वेल्डिंग. पट्टी फाटली, ब्रॅकेट सुटला, तर जोड द्यावा लागतो आणि ठिणग्या आत दुकानात उडतात. किराणा दुकानात बारदान, कापडी पिशव्या, आगपेट्या, तेलाचे डबे, सारे शटरला लागूनच रचलेले असते. काम सुरू होण्यापूर्वी माल निदान दहा फूट मागे सरकवावा, मधे ओले बारदान टांगावे आणि पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवाव्यात. हे मिस्त्रीचे काम नव्हे, मालकाचे. आणि वेल्डिंग संध्याकाळी उशिरा करू देऊ नये. पोत्यात शिरलेली ठिणगी तासाभराने पेट घेऊ शकते, तेव्हा दुकानात कोणीतरी जागे हवे.